काळ्यावर काळा टाका

काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने ज्याने कधी टाका घातलेला नाही, त्याने माझ्या आयच्या डोळ्यांबद्दल काही बोलू नये. आमच्या नातलगांत अजूनही लग्नकार्यात कोणीतरी तो विषय काढतं, की भागीनं, म्हणजे माझ्या आयनं, एकदा वकिलाच्या गोधडीत स्वतःलाच शिवून घेतलं होतं, आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, कारण ते खरं आहे. पण त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे त्यांच्यापैकी कोणालाच नीट माहीत नाही. माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, आणि तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या बाईला अर्धवट सांगितलेली गोष्ट सहन होत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर. भिंती म्हणजे कारवीचे कूड, शेणामातीने लिंपलेले. पुढे ओटी, आत एकच मोठी खोली, तिच्या एका कोपऱ्यात चूल आणि दुसऱ्या कोपऱ्यात भाताची कणगी. भात झोडून कणगीत पडला, नागली खळ्यावरून घरात आली, की आयचा गोधड्यांचा हंगाम सुरू व्हायचा. तोपर्यंत ती सुईला हात लावत नसे. सकाळच्या भाकऱ्या थापून झाल्या की ओटी झाडायची, कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, मुसळ आणि बाच्या कुऱ्हाडीचं पातं ठेवायचं आणि मग गोधडीवरच बसून बाहेरच्या काठापासून शिवत शिवत आत यायचं. चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत अंतर दोन बोटांचं. शेवटी मधोमध वाटीभर जागा उरली की तिथे एक रंगीत चिंधी लावायची, आणि ती लावण्याआधी तिच्याखाली नागलीचे पाच दाणे ठेवायचे. त्याला आय घास म्हणायची. गोधडी आपल्या घरातून उपाशी जाता कामा नये, असं तिचं म्हणणं होतं. पुढे मी पुष्कळ गावांत नोकरी केली, पण आमच्या आयइतकं कापडाशी माणसासारखं वागणारं कोणी भेटलं नाही.

दुपारी नागलीची भाकर, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी. खाऊन बा अंगणात नांगराचं लाकूड तासत बसायचा आणि ओटीवर आय. तासणीचा ठक ठक आणि दोरा कापडातून ओढला जातानाचा बारीक खरखरता आवाज, असे दोन आवाज दिवसभर चालत. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण एकाचा आवाज थांबला की दुसरा मान वर करून बघायचा. त्यांचा संसार मी असा ऐकूनच ओळखते. सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं. ते लेकीचंच काम असतं, आईनं ओवलेला दोरा लवकर तुटतो, असं आय सांगायची आणि मी ते खरं मानायची. आधी ती चुलीजवळ बसून शिवायची. मग धुराचं कारण सांगून ओटीवर आली. त्या वर्षी तर ओटीच्याही अगदी कडेला, जिथे ऊन थेट मांडीवर पडतं तिथे बसायला लागली. मला तेव्हा यात काही दिसलं नाही. म्हणजे डोळे माझेही काही फार चांगले नव्हते.

मी त्या वर्षी घरीच होते, कारण दहावीला गणितात नापास झाले होते. आता हसायचं तर हसून घ्या, कारण पुढे मी आयुष्यभर गणितच शिकवलं. पण त्या हिवाळ्यात मी पुन्हा परीक्षेला बसायची वाट बघणारी, सगळं येतं असं वाटणारी, सोळा वर्षांची मुलगी होते. नापास झाल्याचं मला फार दुःख झालं नव्हतं. पेपर काढणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणार, अशी माझी पक्की समजूत होती.

मार्गशीर्षात जव्हारहून निरोप आला की वकीलीणबाईंनी आयला बोलावलं आहे. या बाई म्हणजे जव्हारच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची बायको. गृहस्थ पावसाळ्यात वारले होते. आयने त्यांच्याकडे पूर्वी दोन गोधड्या दिलेल्या होत्या, त्यामुळे ओळख होती. आम्ही जीपच्या मागच्या फळीवर कोंबून बसून मोखाड्यावरून जव्हारला गेलो. बाई उंच, गोऱ्या, करड्या आवाजाच्या. मी त्यांना जरा घाबरले, पण तसं दाखवलं नाही. त्यांनी पलंगावर वकिलांचे चार काळे कोट मांडून ठेवले होते, शेजारी एक काळा गाऊन आणि घडी केलेली त्यांची स्वतःची काळी चंद्रकळा. वरून कोट, खालून चंद्रकळा, अशी गोधडी त्यांना हवी होती. थंडी सोसत नाही, झोप लागत नाही, म्हणाल्या. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, की दोरा काळाच हवा. ह्यांच्या कोटावर पांढरा दोरा चिकटलेला दिसला तर हे कोर्टाच्या पायरीवरून परत यायचे, त्यांच्या कोटांवर मी पांढरे टाके घालू देणार नाही, असं त्या म्हणाल्या.

आयने एक कोट उचलला, बोटांत धरून कापड चोळून पाहिलं आणि हो म्हणून टाकलं. मी तिच्याकडे बघत होते. एक क्षण ती थांबली होती, तो मला आज कळतो. परत येताना जीपमधल्या एका बाईने कोटांचं गाठोडं पाहून विचारलं की काळी गोधडी कोण पांघरतं, अशुभ असते. आय म्हणाली की थंडी वाजायला लागली की कोण रंग बघत नाय.

कोट उसवायलाच चार दिवस गेले. वकिलांना लवंग चघळायची सवय असावी, कारण प्रत्येक खिशाच्या तळाशी दोनचार लवंगा सापडल्या. आयने त्या एका चिंधीत बांधून शिंकाळ्यावर ठेवल्या. परक्याच्या घरचं काही टाकायचं नाही, हा तिचा नियम. पाठी आणि बाह्या सपाट, त्या गोधडीला घेतल्या. पुढचे भाग, जिथे खिसे होते, ते कडक आणि जाड. ते बाजूला काढले. मग तिने चंद्रकळा अंथरली, मध्ये गाऊन आणि जुन्या कापडांचे थर घातले, वर कोटांचे तुकडे जुळवले आणि शिवायला बसली.

तिसऱ्या दिवशी ते प्रसिद्ध प्रकरण घडलं. बाने अंगणातून ओरडून सांगितलं की शेजारचा बैल आपल्या वालात शिरलाय. आय ताडकन उठली आणि तिच्याबरोबर गोधडी उठली. पाटा सरकला, वरवंटा गडगडत ओटीखाली गेला, आणि आय अंगणात उभी, कमरेपासून वकिलांचे चार कोट लोंबताहेत. तिच्या काळपट हिरव्या लुगड्याचा सोगा तिने वीतभर लांब गोधडीत शिवून टाकला होता. बैलामागून धावत आलेल्या शेजारच्या काकूने ते पाहिलं आणि खाली बसून हसायला लागली. बा हसला. आयही हसली, सगळ्यांत मोठ्यांदा. संध्याकाळच्या आत गावात बातमी पोचली.

काकू गेल्यावर आय आत आली, चुलीकडे तोंड करून बसली आणि मला जवळ बोलावून गोधडीचा काठ माझ्या हातात दिला. "चांगे, खरं सांग. टाके सरळ हायत का?"

मी उन्हात धरून पाहिलं. कोट काळा, दोरा काळा, मलाही डोळे बारीक करावे लागले. पण दिसलं. ओळ चालत्या बैलाच्या मुतासारखी नागमोडी गेली होती. कुठे टाका तांदळाएवढा, कुठे बोटाएवढा, आणि दोन ठिकाणी ओळी एकमेकींत घुसल्या होत्या. माझ्या आयच्या हातचे असे टाके मी जन्मात पाहिले नव्हते. मी काठ खाली ठेवला, आणि तेवढ्यावरूनच तिला कळलं.

तिने मला मग सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून डोळ्यांपुढे धूर असल्यासारखं होतं. फिक्या कापडावर तिचं भागायचं, कारण दोरा गडद असला की त्याची सावली तरी दिसायची. काळ्यावर काळं म्हणजे नुसता अंधार. मी म्हटलं की मग परत करून टाकू कोट, बाईंना सांगू. तिने माझं मनगट असं धरलं की मला दुखलं.

"परत केले का उद्या म्हणतील, भागीला दिसत नाय. मंग कोण देल माझ्या हातात कापड? चुलीपुढं बसून राख उकरीत राहू का मी?"

मी शपथ घेतली की बालासुद्धा सांगणार नाही. तिने पाहुण्यांपुढे, बाजारात, जीपमध्ये कधी मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती, आणि तिची ती मान गोधडीच्या जिवावर ताठ होती हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मला रडू आलं. पण माझा स्वभाव असा, की रडू आलं की लगेच काहीतरी करायला घ्यायचं.

युक्ती मला दुसऱ्या दिवशी अंघोळीला पाणी तापवताना सुचली. आमच्याकडे लग्नात कुडावर चौक लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने. अंधाऱ्या खोलीतही तो चौक दिसतो, आणि हात फिरवला तर वाळलेल्या पिठाची रेघ बोटाला लागते. मी म्हटलं, भिंतीवर चालतं तर कोटावर का नाही. आय म्हणाली की रेघा मारायच्याच तर राखेने मार. मी राख नाकारली. राख एका हाताने पुसून जाते, आणि बोटाला लागतही नाही. नुसतं पिठाचं पाणीही कोटावर धरेना, वाळलं की झडायचं. म्हणून मी त्याची घट्ट खळ शिजवली, चिमूटभर मीठ घालून, आणि कंपासपेटीतली पट्टी लावून गोधडीवर दोन दोन बोटांच्या अंतराने चौकोनात चौकोन काढले. आधीच्या वाकड्या ओळी उसवून टाकल्या. गोधडी पुरी झाली की ओढ्यावर धुऊन काढायची, म्हणजे रेघ जाईल आणि टाका राहील, असा माझा हिशेब.

खळ वाळली आणि आय बसली. डावा अंगठा रेघेवर ठेवून तिने पहिला टाका घातला, मग दुसरा, मग तिचा हात असा चालायला लागला की मी बघतच राहिले. ती डोळे मिटून शिवत होती. हात रेघेवरून तसूभर हलत नव्हता. मला जिथे रेघ संपल्याचं दिसायचं, तिथे ते तिला आधी कळलेलं असायचं. दोन दिवसांत तिने सात चौकोन पुरे केले, आणि तिला सोबत म्हणून मीही काही ओळी घातल्या. बाने एकदा येऊन टाके पाहिले आणि तंबाखू मळत परत गेला. त्याचं कौतुक एवढंच असायचं. मी तर हवेत होते. नापास मुलीने पट्टी आणि पेज वापरून आईचे डोळे परत आणले, असं काहीसं माझ्या डोक्यात चाललेलं होतं. (शाळेच्या फळ्यावर मी पुढे इतक्या सरळ रेघा कशा मारायची, असं पोरं विचारत. काळ्या फळ्याचा आणि या गोधडीचा संबंध जोडायचा मोह मला होतो, पण तो मी इथेच आवरते. फळ्यावर रेघ मारायला कोणालाही येतं.)

रोज संध्याकाळी गोधडी वळणीवर टाकायची, म्हणजे छपराखाली आडव्या बांधलेल्या बांबूवर, हा घरचा रिवाज. आयने तिसऱ्या दिवशीही मला तेच सांगितलं. मी ऐकलं नाही. घडी घातली की खळीला भेगा पडतात आणि रेघा तुटतात, म्हणून मी ती आत नेऊन कणगीच्या शेजारी जमिनीवर सपाट अंथरून ठेवली. कणगीच्या शेजारी. माझ्या जागी कोणी शहरातली मुलगी असती तर तिला माफ करता आलं असतं. भाताच्या घरात जन्मलेल्या मुलीने, मीठ घालून शिजवलेली भाताची खळ लावलेलं कापड कणगीजवळ अंथरून ठेवायचं, म्हणजे उंदरांना पाट मांडून जेवायला बसवण्यासारखंच होतं. भिंतीवरच्या चौकाला उंदीर तोंड लावत नाहीत एवढंच माझ्या डोक्यात. भिंत सरळ उभी असते आणि तिचं पीठ कच्चं असतं, हा विचार मी केला नाही.

सकाळी मी ती उचलली तर दोन ठिकाणी वरच्या कोटाला भोकं. एक तळहाताएवढं, एक वाटीच्या तोंडाएवढं, आणि आजूबाजूला कुरतडलेल्या लोकरीचा काळा भुगा. चारी कोटांचं कापड जगात तेवढंच होतं, दुसरं मिळणार नव्हतं, कारण माणूसच उरला नव्हता. आय चुलीशी होती. तिने विचारलं, अंथरलीस का, आणि मी हो म्हटलं. भोकं शिवायच्या जागेपासून अजून दूर आहेत, तिला दिसणार नाहीत, तोपर्यंत काहीतरी सुचेल, असं मी मनात म्हटलं. ती भाकरीचे हात धुऊन आली, बसली, अंगठा रेघेवर ठेवला.

मी समोर बसून दोरे ओवत होते आणि तिचा अंगठा बघत होते. ओळ काठाकडून पहिल्या भोकाकडे चालली होती. हातभर अंतर राहिलं, मग वीतभर. मी पुढची सुई ओवली. मग अंगठा रेघेवरून घसरला आणि भोकात गेला. ती थांबली. तिने चारी बोटं आत घातली, भोकाची कड चाचपली, मग हात पसरून दुसरं भोक शोधून काढलं. अंगणातली तासणी थांबली.

"उंदीर," ती म्हणाली. मग भोकातून हात काढून, "तुला सकाळीच दिसलं होतं."

मी हो म्हटलं. मला आजही त्या भोकांची लाज वाटत नाही, चूक कोणाच्याही हातून होते. लाज याची वाटते की तिला दिसत नाही, यावर मी भरवसा ठेवला होता. तिचं आंधळेपण लपवायची शपथ घेतली आणि सगळ्यांच्या आधी मीच त्याचा फायदा घेतला. मी तसं तिला त्या वेळी सांगितलं नाही. नुसती रडले. ती एकदम हसायला लागली. "मी गोधडीला घास देते," ती म्हणाली, "तू पार जेवण वाढलंस."

तिने बाला हाक मारून सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचंसुद्धा. बा म्हणाला, मला ठाऊक हाय, दोन वर्षं तू भाताला मीठ दोनदा घालतीस. आणि तासायला निघून गेला.

मग तिने बाजूला काढलेल्या खिशांच्या भागांचं गाठोडं मागितलं. काळ्या कोटाचं काळं कापड आता फक्त तेवढंच उरलं होतं. चाचपून तिने दोन तुकडे निवडले, दोन्ही बाहेरच्या खिशांचे, झाकणासकट, आणि ते दोन्ही भोकांवर बसवले. मी म्हटलं, खिशाची तोंडं शिवून बंद कर, नाहीतर हे काय विचित्र दिसेल. तिने करून पाहिलं. कोटाचे चार पदर आणि खालचे थर, सुई मोडली. दुसरीही मोडली. मग तिने खिसे उघडेच ठेवले. उरलेली खळ मी ओल्या फडक्याने पुसून काढली आणि पुढच्या रेघा राखेने मारल्या. बोटाला त्या लागत नसत, म्हणून मी शेजारी बसून तिचा अंगठा धरून रेघेवर चालवायची. काही ओळी माझ्या, काही तिच्या. मधोमध घासाची वेळ आली तेव्हा तिने नागली घेतली नाही. शिंकाळ्यावरची चिंधी मागून घेतली आणि वकिलांच्याच पाच लवंगा आत शिवल्या. उंदीर लवंग खात नाय, म्हणाली.

ओढ्यावर धुऊन, दोन दिवस वाळवून आम्ही जव्हारला गेलो. जीपमध्ये मी आयला समजावत होते की काही सांगायची गरज नाही. खिसे हौसेने लावलेत, हल्ली अशीच पद्धत आहे, असं मी सांगेन. ती हूं हूं करत होती. बाईंनी गोधडी पलंगावर पसरली, चष्मा लावला आणि त्यांचं बोट सरळ एका खिशाच्या झाकणावर गेलं. हे काय, त्यांनी विचारलं. मी माझं पद्धतीचं सुरू केलं. आयने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं.

"बाई, तिथं उंदरांनी खाल्लं. पोरीनं भाताची खळ लावली होती, मला रेघ कळावी म्हणून. मला दिसत नाय. तुमचं तोंडपण दिसत नाय, आवाजावरनं वळखते. कोट घेतले तेव्हाच सांगायला पायजे होतं. नाय सांगितलं."

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, पुढाऱ्यांची आणि साहेबांची. एवढ्या सरळ मानेने कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. जे लपवायला तिने माझं मनगट दुखवलं होतं, ते तिने उभ्या उभ्या बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

बाईंचा हात खिशाच्या झाकणाखाली गेला आणि आत मनगटापर्यंत बुडाला, आणि तिथेच राहिला. पुष्कळ वेळ राहिला. वकील थंडीत चालताना हात खिशातून काढत नसत, नमस्कारसुद्धा मान हलवून करत, असं काहीतरी त्या नंतर म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा करडा आवाज फाटला. मग त्यांनी नाक पुसलं आणि गोधडीची घडी घातली. ती घडी त्यांनी ट्रंकेवर ठेवली.

"भागीबाई, ही मी आज पांघरणार नाही. तुम्ही बनवली आहे, तुम्ही डोळ्यांनी बघून सांगायचं की बरोबर झाली. मग मी अंगावर घेईन. तोपर्यंत मी कुडकुडेन, आणि त्याचं पाप तुमच्या माथी."

त्या वकिलाच्या बायको होत्या खऱ्या. आयला ऑपरेशन म्हटलं की कापरं भरायचं, डोळ्याला सुरी लावतात म्हणून ती कुठल्याही शिबिराच्या वाटेला गेली नसती, हे त्यांनी दोन वाक्यांत ओळखलं असावं. घरी परतल्यावर चार दिवस तिने सुईला हात लावला नाही. थंडी त्या वर्षी कडक पडली. पाचव्या सकाळी अंगणात शेकोटीपुढे हात धरून ती एकदम म्हणाली की म्हातारी बाय तिकडं गारठत असल, आणि आत जाऊन लुगडं बदललं. सरकारी दवाखान्यात आधी एक डोळा झाला, मग महिन्याने दुसरा. हिरवी पट्टी बांधून ती घरी आली, तेव्हा बाने पहिल्यांदा चूल पेटवली आणि भात करपवला. मीही गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला. आता सगळं दहा मिनिटांत होतं आणि माणूस चालत घरी येतो. पण त्या काळात आयने जे धाडस केलं ते केवळ एका गोधडीसाठी केलं, हे मी त्या तरुण डॉक्टरला सांगितलं. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

जाड भिंगांचा चष्मा आला तेव्हा फाल्गुन लागला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. आम्ही दुपारचे जव्हारला पोचलो. बाईंनी काही न विचारता ट्रंकेवरून गोधडी काढून व्हरांड्यात अंथरली. ती वापरलेली नव्हती, घड्या तशाच होत्या. आय गुडघ्यांवर बसली आणि काठापासून बघायला लागली. ओळीमागून ओळ, चौकोनामागून चौकोन. आपल्या आंधळ्या हाताने काय केलं होतं ते ती पहिल्यांदा बघत होती. तिच्या खळीवरच्या ओळी अशा सरळ गेल्या होत्या की मला माझ्या पट्टीचाही अभिमान वाटला. मग तिचं बोट थांबलं.

"ही कोणाची?"

मी पाहिलं. ओळ माझी होती. तिच्या दोन ओळींमध्ये ती उतारावरच्या पाण्यासारखी वाहत गेली होती. मी म्हटलं, माझी.

"आणि ही?"

तीही माझीच होती. तिने पुढचं विचारलंच नाही. कमरेच्या पिशवीतून सुई काढली, दोरा काढला, आणि माझ्याकडे न देता स्वतः ओवला. पहिल्याच खेपेला गेला. मग तिने माझ्या ओळी एकेक करून उसवायला घेतल्या, भर दुपारी, त्या थोरामोठ्यांच्या व्हरांड्यात मांडी घालून, आणि त्यांच्या जागी स्वतःच्या घातल्या. बाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला. मी तोंड फुगवून बसले होते, पण मनातून इतकी खूश होते की कोणी बघितलं असतं तर कळलं असतं. उन्हं कलल्यावर तिने शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, गोधडी झटकली आणि उभी राहून बाईंच्या खांद्यांवर घातली.

"आता बरोबर झाली. आता घ्या," ती म्हणाली.

त्या उकाड्यात बाई चार कोट पांघरून खुर्चीत बसल्या, दोन्ही हात दोन खिशांत घालून, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला तरी त्यांनी गोधडी काढली नाही. व्हरांड्याच्या लाल कोब्यावर माझ्या ओळींचे उसवलेले काळे दोरे पडले होते. लाल जमिनीवर ते अगदी स्वच्छ दिसत होते. मी खाली बसून ते एकेक वेचत होते, आणि एखादा राहिला की आय चष्म्यातून बघून बोटाने दाखवत होती.